पंतप्रधानांच्या शिक्षणाचा तक्ता करतोय, पण नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत

पाटीपेन्सिल

शाळेच्या वाचनालयात लावण्यासाठी भारताच्या आजवरच्या पंतप्रधानांच्या शिक्षणाचा तक्ता करायचा आहे. गुलझारीलाल नंदा धरून पंधरा नावं होतात. रकाने चारच ठेवलेत: नाव, पदवी, विद्यापीठ, वर्ष. निम्मा तक्ता भरला आणि अडलो. शंका अशा:

१. इंदिरा गांधींपुढे एका ठिकाणी ऑक्सफर्ड आहे, दुसरीकडे विश्वभारती, तिसरीकडे मुंबई विद्यापीठ. त्यांची पदवी नक्की कुठली?
२. 'शास्त्री' ही लालबहादुरांची पदवी. ती बी.ए.च्या बरोबरीची धरायची का?
३. इंद्रकुमार गुजराल यांच्यापुढे पीएच.डी. लिहिलेलं दिसतं. ते डॉक्टर होते का?
४. नरसिंह रावांपुढे उस्मानिया, मुंबई आणि नागपूर अशी तीन विद्यापीठं आहेत, पदव्या मात्र दोनच. कुठली पदवी कुठली?
५. सध्याच्या पंतप्रधानांच्या पदवीवरून न्यायालयात प्रकरणं झाली. तक्त्यात काय लिहावं, म्हणजे ते अचूकही राहील आणि त्यावर वादही होणार नाही?

चरणसिंग (एम.ए., आग्रा विद्यापीठ, १९२५), वाजपेयी (एम.ए., आग्रा विद्यापीठ) आणि नेहरू (एम.ए., केंब्रिज) एवढे भरून झालेत, त्यांत अडचण नाही.

जुनी दप्तरं

ज्या तिघांत अडचण नाही म्हणता, त्यांतल्या दोघांच्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतील. तिकडे येतो, पण आधी रकान्यांचं बघू.

'पदवी' आणि 'विद्यापीठ' हे दोन रकाने मोडून सहा करा: शिकले ती संस्था, परीक्षा घेणारं विद्यापीठ, परीक्षेचं नाव, ती पूर्ण झाली की नाही, वर्ष, आणि शेवटी 'व्यावसायिक पात्रता'. कॉलेज शिकवतं आणि पदवी विद्यापीठ देतं, हा आपल्याकडचा जुना प्रकार. चरित्र लिहिणारा कधी कॉलेजचं नाव देतो, कधी विद्यापीठाचं, कधी शहराचं. तुमच्या निम्म्या शंका एवढ्याने सुटतील.

इंदिरा गांधी: पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांच्या शिक्षणसंस्थांची लांबलचक यादी आहे. स्वित्झर्लंडमधल्या बेक्स आणि जिनिव्हा इथल्या शाळा, पुण्या-मुंबईची प्युपिल्स ओन स्कूल, ब्रिस्टलची बॅडमिंटन स्कूल, शांतिनिकेतनची विश्वभारती, ऑक्सफर्डचं सॉमरव्हिल कॉलेज. यादी खरी आहे, पण यातल्या एकाही ठिकाणची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मुंबई विद्यापीठ येतं ते मॅट्रिकमुळे. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घेत असे, वेगळं बोर्ड नव्हतं. १९३४ साली पुण्याच्या शाळेतून त्या मॅट्रिक झाल्या ती परीक्षा मुंबई विद्यापीठाची. तिथून शांतिनिकेतन, तेही आई कमला नेहरूंच्या आजारपणामुळे अर्धवट सुटलं. १९३७ साली ऑक्सफर्डला इतिहास घेतला, पण सक्तीच्या लॅटिनमध्ये नापास झाल्या, मग स्वतःचं आजारपण आणि महायुद्ध. १९४१ मध्ये परतल्या त्या पदवीविना. पुढे अनेक विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या. त्या या तक्त्यात कुठेही घेऊ नका, नाहीतर बहुतेक सगळेच पंतप्रधान डॉक्टर होतील.

गुजरालांचं उत्तरही तेच. सरकारी परिचयात 'एम.ए., बी.कॉम., पीएच.डी. आणि डी.लिट.' असं लिहून पुढे कंसात 'मानद' म्हटलेलं आहे. उतरवून घेणाऱ्यांनी कंस गाळला आणि पीएच.डी. उरली. तो कंस शेवटच्या दोन्ही पदव्यांना लागू आहे. पंधरा जणांत अभ्यास करून, प्रबंध लिहून मिळवलेली डॉक्टरेट एकट्या मनमोहन सिंगांची. ऑक्सफर्डचं नफील्ड कॉलेज, डी.फिल., १९६२, विषय भारताची निर्यात. ऑक्सफर्डमध्ये पीएच.डी.लाच डी.फिल. म्हणतात, त्यामुळे ती एम.फिल.सारखी खालच्या पायरीवर टाकू नका.

नेहरू: हॅरो शाळा १९०५ पासून, केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज १९०७ ते १९१०. ट्रायपॉस ही केंब्रिजची ऑनर्स परीक्षा. त्यांची ती निसर्गविज्ञानाची होती. रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे विषय, दुसरा वर्ग. पदवी बी.ए.चीच, कारण केंब्रिजमध्ये विज्ञान शिकलं तरी पदवीचं नाव बी.ए. असतं. तिथे बी.ए. झालेल्याला ठरावीक वर्षांनी कुठलीही परीक्षा न देता एम.ए. घेता येतं. म्हणून केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या एम.ए.ला आपल्या दोन वर्षांच्या एम.ए.शेजारी बसवू नये. तुमच्या तक्त्यात 'निसर्गविज्ञान ट्रायपॉस, १९१०' एवढंच ठेवा. १९१२ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले ते 'व्यावसायिक पात्रता' या रकान्यात. बॅरिस्टरी ही विद्यापीठाची पदवी नाही. लंडनच्या चार इन्सपैकी (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, इनर टेंपल त्यांतलीच एक) एकीचं सदस्य व्हायचं, ठरलेल्या सत्रांना तिथे जेवायला हजर राहायचं, परीक्षा द्यायच्या, मग सनद.

राजीव गांधींनाही हाच रकाना उपयोगी पडेल. १९६२ ते १९६५ ट्रिनिटी कॉलेज, अभियांत्रिकी, पदवी नाही. १९६६ मध्ये लंडनचं इंपीरियल कॉलेज, यांत्रिकी अभियांत्रिकी, तेही अपुरं. पुढे ते इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक झाले, म्हणजे वैमानिकाचा व्यावसायिक परवाना ही त्यांची खरी पात्रता.

आता चरणसिंग. बी.एस्सी. १९२३ आणि एम.ए. १९२५ ही वर्षं बरोबर. पण आग्रा विद्यापीठ स्थापन झालं १९२७ साली. १९२५ मध्ये जे नव्हतंच, त्याची पदवी कशी मिळेल? ते शिकले आग्रा कॉलेजात, आणि ते कॉलेज तेव्हा अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होतं. ही चूक सरकारी परिचयातही आहे, म्हणून सगळीकडे पसरली. वाजपेयींचं आग्रा विद्यापीठ मात्र बरोबर. त्यांनी कानपूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजातून राज्यशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा ते कॉलेज आग्रा विद्यापीठाकडे होतं. कानपूर विद्यापीठ १९६६ मध्ये आलं. त्याच कॉलेजात ते आणि त्यांचे वडील एलएल.बी.ला एकाच वर्गात होते, पण वाजपेयींनी कायदा अर्धवट सोडला. तेव्हा 'एम.ए., एलएल.बी.' असं दिसलं तर एलएल.बी. खोडा.

ही तपासणी प्रत्येक ओळीला लावा: आधी विद्यापीठाचं स्थापनावर्ष, मग पदवीचं वर्ष. मुंबई १८५७, लाहोरचं पंजाब १८८२, अलाहाबाद १८८७, उस्मानिया १९१८, दिल्ली १९२२, नागपूर १९२३, आग्रा १९२७, पुणे १९४९. पाच मिनिटांचं काम आहे.

गोदाकाठ

चौथ्या शंकेचं उत्तर या स्थापनावर्षांतच आहे.

नरसिंह राव आधी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात होते. निजामाच्या राज्यात १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि कितीतरी विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांत रावही होते. नागपूर विद्यापीठाने अशा मुलांना दारं उघडली. पुढे बी.एस्सी. त्यांनी केलं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून. पुणे विद्यापीठ निघायला अजून अवकाश होता, म्हणून पदवी मुंबई विद्यापीठाची. नंतर एलएल.बी. नागपूर विद्यापीठातून. थोडक्यात: उस्मानिया अपुरं, बी.एस्सी. मुंबई (फर्ग्युसन), एलएल.बी. नागपूर.

याच्या शेजारी विश्वनाथ प्रताप सिंग ठेवून बघा. तेही फर्ग्युसनमधून बी.एस्सी. झाले, पण त्यांच्या परिचयात पुणे विद्यापीठ लिहिलेलं असतं. कॉलेज एकच, पदवी देणारी विद्यापीठं दोन, कारण मध्ये १९४९ साल गेलं. परीक्षांच्या पुस्तकांतून 'मुंबई विद्यापीठाचे पंतप्रधान किती, पुण्याचे किती' असले प्रश्न येतात. त्यांची उत्तरं चुकतात ती इथेच. संस्थेचा रकाना वेगळा असला की 'फर्ग्युसन: दोन' हे आपोआप दिसतं. विश्वनाथ प्रताप सिंगांची बी.ए. आणि एलएल.बी. अलाहाबादची, ती विसरू नका.

महाराष्ट्राशी संबंध असलेले आणखी तिघं. मोरारजी देसाई मुंबईच्या विल्सन कॉलेजचे. पदवीनंतर १९१८ मध्ये ते मुंबई प्रांताच्या मुलकी सेवेत गेले आणि बारा वर्षं उपजिल्हाधिकारी होते. एका सरकारी परिचयात ही दोन वाक्यं एकमेकांत अडकून 'विल्सन सिव्हिल सर्व्हिसमधून पदवी' असं विचित्र वाक्य झालं आहे. अशी कुठलीही सेवा किंवा पदवी नव्हती. इंदिरा गांधींच्या पुण्याच्या शाळेबद्दल वर आलंच. आणि गुलझारीलाल नंदा: ते शिकले लाहोर, आग्रा आणि अलाहाबादला, पण १९२१ मध्ये मुंबईच्या नॅशनल कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. शिकवलेली जागा शिक्षणाच्या रकान्यात जाऊ देऊ नका, बऱ्याच ठिकाणी ती गेलेली आहे. त्यांचं अलाहाबाद विद्यापीठातलं १९२०-२१ चं काम कामगार प्रश्नांवरच्या संशोधनाचं. पुढे ते कामगार चळवळीत आणि नंतर कामगार खात्याचे मंत्री म्हणून वावरले, त्याचा उगम इथे दिसतो. या पंधरा जणांत शिक्षण आणि पुढचं काम इतकं सरळ जुळलेली माणसं दोनच, नंदा आणि मनमोहन सिंग.

रावांबद्दल आणखी एक गोष्ट, तक्त्याबाहेरची असली तरी मराठी शाळेत ठळक लिहावी अशी. मराठी त्यांना इतकी अवगत होती की हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. पदवीच्या कागदावर यातलं काही येत नाही. 'भाषा' असा एक रकाना घातला तर मुलं तोच आधी वाचतील असं मला वाटतं.

शाईदौत

वरच्या प्रतिसादांत एक भर. मराठीत लिहिताना दोन जागी हमखास गल्लत होते, कारण आपण इंग्रजीतली वेगवेगळी नावं एकाच शब्दाने लिहितो.

पहिली जागा 'पंजाब विद्यापीठ'. लाहोरचं जुनं विद्यापीठ फाळणीत पाकिस्तानात गेलं आणि भारतात नवं पंजाब विद्यापीठ निघालं. गुजराल लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात आणि हेली कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये शिकले, म्हणजे त्यांचं लाहोरचं. मनमोहन सिंगांची बी.ए. १९५२ ची आणि एम.ए. १९५४ ची, म्हणजे भारतातल्या नव्या विद्यापीठाची. तेव्हा त्याचं चंदीगडचं आवार उभं राहिलं नव्हतं. दोघांपुढे नुसतं 'पंजाब विद्यापीठ' लिहिलंत तर फाळणी पुसली जाईल. 'लाहोर' आणि 'भारत' असा शब्द जोडा.

दुसरी जागा 'गुजरात विद्यापीठ'. गांधीजींनी १९२० मध्ये अहमदाबादला काढलेली राष्ट्रीय संस्था म्हणजे गुजरात विद्यापीठ. १९४९ मध्ये निघालं ते सरकारी कायद्याचं विद्यापीठ म्हणजे गुजरात युनिव्हर्सिटी. नरेंद्र मोदींच्या प्रतिज्ञापत्रातली एम.ए. दुसऱ्या संस्थेची आहे. मराठी वर्तमानपत्रं सर्रास 'गुजरात विद्यापीठ' छापतात, वाचणारा गांधीजींची संस्था समजतो. तक्त्यात 'गुजरात युनिव्हर्सिटी' असंच लिहा, इथे इंग्रजी शब्द ठेवणं जास्त अचूक.

आणि मनमोहन सिंगांचा क्रम बदलू नका. १९५४ ची एम.ए. झाल्यावर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १९५७ मध्ये अर्थशास्त्राची ट्रायपॉस पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. ट्रायपॉस पदवीच्या पातळीची, म्हणजे एम.ए.नंतर पुन्हा पदवीचा अभ्यास. हे चुकीचं वाटून काही जण ट्रायपॉसला एम.ए.च्या आधी ढकलतात किंवा तिलाच एम.ए. करून टाकतात. त्या काळी आपल्याकडचे पदव्युत्तर झालेले विद्यार्थीही तिकडे जाऊन ट्रायपॉस देत, यात वावगं काही नव्हतं.

कलम ८४

पाचवी शंका कायद्याच्या अंगाने.

पंतप्रधान होण्यासाठी शिक्षणाची अट नाही. संविधानाच्या कलम ८४ मध्ये संसद सदस्याची पात्रता आहे: नागरिकत्व, शपथ, वय लोकसभेसाठी २५ आणि राज्यसभेसाठी ३०. कलम ७५ प्रमाणे मंत्री संसदेचा सदस्य नसेल तर सहा महिन्यांत व्हावा लागतो. दोन्हीत शाळा-कॉलेजचा उल्लेख नाही. राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेतल्या २६ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात याबद्दल खंत बोलून दाखवली होती: कायदा राबवणाऱ्यांना मोठी पात्रता लागते, पण करणाऱ्यांना निवडून येण्यापलीकडे काही नको, ही विसंगती आहे असं त्यांचं म्हणणं. दुसरी बाजूही तेवढीच भक्कम होती. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के निघाली. त्या देशात पदवीची अट घातली असती तर बहुतेक नागरिकांना, आणि बायकांना तर जवळपास पूर्णच, संसदेची दारं बंद झाली असती. मला संविधानकर्त्यांचा निर्णय योग्य वाटतो. गावपातळीवर मात्र अशी अट पुढे आली. हरयाणातल्या पंचायत निवडणुकांची शिक्षणाची अट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये वैध ठरवली. आपल्या महाराष्ट्रातही १ जानेवारी १९९५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला सरपंचपदासाठी सातवी उत्तीर्ण असावं लागतं. म्हणजे आज सरपंचाला अट आहे आणि पंतप्रधानाला नाही. हे मुलांना जरूर सांगा, चर्चेला चांगला विषय आहे.

आता कागद. शिक्षण जाहीर करण्याची सक्ती अलीकडची. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उमेदवाराची गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे. संसदेने कायदा बदलून ती कमी करायचा प्रयत्न केला, तो मार्च २००३ च्या निकालात रद्द झाला. तेव्हापासून अर्जासोबत नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र येतं. म्हणजे पंधरा जणांपैकी फक्त त्यानंतर निवडणूक लढवलेले वाजपेयी, चंद्रशेखर, देवेगौडा, मनमोहन सिंग आणि मोदी यांच्याबाबत असा कागद मिळू शकतो. बाकीच्यांसाठी लोकसभेचे सदस्य-परिचयाचे खंड बघा, ते संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. पण हे ध्यानात ठेवा की त्या परिचयाचा तक्ता सदस्यानेच भरून दिलेला असतो, सचिवालय प्रमाणपत्रं तपासत नाही.

प्रतिज्ञापत्र शोधायचं कसं: निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या पोर्टलवर निवडणुकीचा प्रकार, वर्ष, राज्य आणि मतदारसंघ या क्रमाने जा. उमेदवाराच्या नावावर स्कॅन केलेली प्रत मिळते. शिक्षणाचा तपशील शेवटच्या पानांकडे असतो. सर्वांत वरचं शिक्षण, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, संस्था आणि पूर्ण केल्याचं वर्ष असं लिहावं लागतं. एकाच उमेदवाराची दोन-तीन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवा. तफावत असेल तर तिथेच कळते. उमेदवाराने एकाहून जास्त संच भरलेले असू शकतात, म्हणून जो संच स्वीकारला गेला तोच घ्या.

या कागदाची ताकद किती? निवडणूक निर्णय अधिकारी पदवी खरी की खोटी हे तपासत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर एवढं झालं की रकाना कोरा ठेवता येत नाही. सूचना देऊनही कोरा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मणिपूरच्या एका आमदाराने म्हैसूर विद्यापीठाची एम.बी.ए. असल्याचं लिहिलं होतं, ती नव्हती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निवडणूक रद्द करणारा निकाल कायम ठेवला.

मोदींच्या ओळीत प्रतिज्ञापत्रातलंच लिहा: एस.एस.सी. १९६७, बी.ए. दिल्ली विद्यापीठ १९७८, एम.ए. गुजरात युनिव्हर्सिटी १९८३. खाली 'निवडणूक प्रतिज्ञापत्रानुसार' असा शेरा द्या. न्यायालयांतला वाद माहितीच्या अधिकाराचा होता. केंद्रीय माहिती आयोगाने २०१६ मध्ये दोन्ही विद्यापीठांबाबत वेगवेगळे आदेश दिले. दिल्लीच्या प्रकरणात १९७८ ला बी.ए. झालेल्या सर्व विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहू द्याव्यात असा आदेश होता. गुजरात उच्च न्यायालयाने तिथला आदेश ३१ मार्च २०२३ रोजी रद्द केला आणि अर्जदाराला २५,००० रुपये खर्च भरायला सांगितला. दिल्ली उच्च न्यायालयाने दुसरा आदेश २५ ऑगस्ट २०२५ रोजी रद्द केला. शैक्षणिक नोंदी ही वैयक्तिक माहिती आहे, असं तिथे ठरलं. या दोन्ही निकालांचा विषय 'नोंदी तिसऱ्या माणसाला दाखवायच्या का' हा होता. शेऱ्यात त्याहून जास्त काही लिहिलंत तर ते निकालात नसलेलं होईल.

पाटीपेन्सिल

खूप मोठं काम झालं. रकाने सहा केले, 'भाषा' हा सातवा. दोन प्रश्न उरलेत. शास्त्रींचं अजून कुणी सांगितलं नाही. आणि देवेगौडांचा डिप्लोमा 'पदवी नाही'त टाकायचा की वेगळा?

जुनी दप्तरं

देवेगौडा: हासनच्या पॉलिटेक्निकचा स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा, पूर्ण केलेला. त्याला इंदिरा गांधी आणि राजीव गांधींच्या गटात टाकणं अन्याय होईल. त्या दोघांनी पदवीचा अभ्यास सुरू करून सोडला, यांनी जो अभ्यासक्रम घेतला तो संपवला आणि त्याच्या जोरावर कंत्राटदारीही केली. 'पूर्ण झाली का' या रकान्यात 'हो', परीक्षेच्या नावात 'डिप्लोमा'. अशाने आपोआप नीट बसतं.

शास्त्रींची पदवी मी तक्त्यात 'राष्ट्रीय विद्यापीठ, सरकारी मान्यता नव्हती' अशा शेऱ्यासह घेईन, पण बी.ए.च्या ओळीत नाही. काशी विद्यापीठ १९२१ मध्ये असहकार चळवळीत सुरू झालं ते सरकारी शिक्षणावर बहिष्कार म्हणूनच. त्याच्या पदवीला त्या काळी सरकारी नोकरीत किंमत नव्हती. मापच वेगळं असताना बरोबरीचं चिन्ह काढायचं कशाला?

गोदाकाठ

इथे मी वेगळं म्हणेन. मान्यता नव्हती हे खरं, पण अभ्यास होता आणि परीक्षाही होती. लालबहादूर दहावीत होते, वार्षिक परीक्षा तीन महिन्यांवर, तेव्हा त्यांनी बनारसची हरिश्चंद्र हायस्कूल सोडली. मग काशी विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र शिकून पहिल्या वर्गात 'शास्त्री' झाले. ही पदवी पदवीपातळीचीच होती. आडनाव त्यांनी लहानपणीच टाकलं होतं, पदवीच पुढे नावाला चिकटली. मान्यता न देणारं सरकार परकं होतं, आणि पदवी घेणाऱ्याने ती मान्यता जाणूनबुजून नाकारली होती. स्वतंत्र भारतात बसून आपण त्या सरकारच्या नजरेने मोजावं का? त्याच १९२१ साली पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, तेही याच विचारातून. तिथून त्या काळी शिकून बाहेर पडलेल्यांना आपण अशिक्षित म्हणत नाही.

शेरा ठेवा, पण 'पदवीधर' या मोजणीत शास्त्रींना धरा.

जुनी दप्तरं

मोजणीत धरा, मान्य. 'बरोबरी' हा शब्द तेवढा नको, कारण त्याने वाचणाऱ्याला वाटेल की तेव्हाच्या सरकारने ती दिली होती. शेऱ्यात 'पदवीपातळीची राष्ट्रीय शिक्षणाची पदवी' लिहिलं तर दोन्ही गोष्टी खऱ्या राहतात.

शाईदौत

चंद्रशेखर राहिले. अलाहाबाद विद्यापीठ, राज्यशास्त्रात एम.ए., १९५०-५१. तिथून थेट समाजवादी चळवळीत. या ओळीत कुठलीही खोच नाही.

मोजणी टाकणार असाल तर अशी येते, नंदा धरून पंधरांत: परदेशात शिकलेले चार (नेहरू, इंदिरा गांधी, राजीव गांधी, मनमोहन सिंग), पण परदेशी पदवी असलेले दोनच. विद्यापीठाची पदवी नसलेले तीन, त्यांत एक डिप्लोमाधारक. विज्ञानाची पदवी चरणसिंग, नरसिंह राव आणि विश्वनाथ प्रताप सिंग यांची उघड. नेहरूंची ट्रायपॉस विज्ञानाची असली तरी पदवीचं नाव बी.ए., म्हणून त्यांच्यापुढे तारा काढून खाली खुलासा द्या. नंदांपुढेही एक तारा लागेल: ते दोन्ही वेळा हंगामी होते, १९६४ मध्ये नेहरूंनंतर आणि १९६६ मध्ये शास्त्रींनंतर, आणि कुणी चौदाच नावं मोजून आला तर त्याची मोजणी चुकीची ठरवू नका.